जिप्सीच्या मागच्या एक्सलमध्ये पाणी, आणि दिवाळीनंतर तोरणमाळ–धडगाव: तीन गाड्यांची तयारी कशी करावी?

सातपुडा_भटक्या

राम राम मंडळी. दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी मित्रमंडळी मिळून शहादा–म्हसावद–राणीपूर–तोरणमाळ–धडगाव–मोलगी असा बेत आहे. मुख्य रस्ता डांबरी आहे हे माहीत आहे. मजा आहे ती पाड्यांकडे फुटणाऱ्या कच्च्या रस्त्यांत, नाल्यांत आणि फरश्यांवर (नाल्यावरचे बुटके पूल). गाड्या तीन: जिप्सी (एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल), महिंद्राची जुनी डिझेल जीप एमएम ५४० आणि २०२० च्या आधीची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल). काम अंगणातच करणार. जॅक, स्टँड, टॉर्क पाना, ग्रीस गन आहे. प्रेस आणि लिफ्ट नाही.

आता अडचण. जिप्सीच्या मागच्या डिफरन्शियलचा (एक्सलच्या मधली, चाकांना जोर वाटणारी गिअरची पेटी) फिलर नट, म्हणजे ऑइल भरायचं तोंड, उघडून बोट घातलं तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. मागच्या डाव्या ब्रेक ड्रममध्ये ऑइलचा ओलावा, ब्रेक शू चिकट. कच्च्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मातीत उजव्या मागच्या चाकाची रेघ उमटते, डाव्याची नाही. पळताना आवाज काही नाही. गॅरेजवाल्याचं मत: डावा ऑइल सील गेला, तो बदला, विषय संपला. पण तो सील मागच्याच हिवाळ्यात टाकलेला आहे. इतक्यात कसा गेला?

सील बदलून निघावं की अजून काही पाहावं? आणि बाकी दोन गाड्यांत निघण्याआधी नक्की काय तपासायचं?

---

पानाबॉक्स

सील बदलायला लागेलच, पण आधी ब्रीदर बघा. एक्सलच्या नळीवर वरच्या बाजूला टोपीसारखा छोटा ब्रीदर असतो. तो काढा, पेट्रोलमध्ये धुवा, तोंडाने फुंकून बघा. माझी पैज आहे की त्यात माती बसलेली निघेल.

कारण असं. गाडी पळाली की एक्सलमधली हवा तापते, फुगते. ब्रीदर बंद असेल तर तिला वाट नाही, मग ती सीलच्या ओठावर दाब देते आणि ऑइल ड्रममध्ये ढकलते. तीच तापलेली गाडी तुम्ही थंड नाल्यात घालता. हवा एकदम आकसते, आत निर्वात तयार होतो, आणि आता तोच सील उलट्या दिशेने पाणी आत ओढतो. सील बाहेरून आत येणारं पाणी अडवायला बनवलेलाच नसतो. त्याची स्प्रिंगची बाजू ऑइलकडे असते. म्हणजे ड्रममध्ये ऑइल आणि ऑइलमध्ये पाणी ही दोन दुखणी नाहीत, एकच आहे. ब्रीदर तसाच ठेवून नवा सील टाकलात तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

कामाचा क्रम सांगतो. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा. सकाळी आधी फिलर नट सैल करा, मगच ड्रेन नटला हात लावा. खालून सगळं ऑइल काढलं आणि वरचा नट गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच उभी राहते. ड्रेन नट अगदी हळू फिरवा, पूर्ण काढू नका. सुटं पाणी असेल तर ते तळाशी बसलेलं असतं आणि पहिल्यांदा तेच झिरपतं. किती निघतं ते वाटीत धरा. चमचाभर निघालं तर दमटपणा समजा, अर्धा कप निघालं तर क्राउन-पिनियन (आतले मुख्य गिअर) पाण्यात फिरत होते.

ड्रेन नटवर चुंबक असेल तर त्यावरचा गाळ बोटावर चोळा. राखाडी, मऊ, पेस्टसारखा असेल तर चालतं. बोटाला टोचणारे सुईसारखे कण किंवा पापुद्रे असतील तर मात्र बेअरिंग किंवा दात गेले आहेत, मग ट्रिप विसरा आणि हाउसिंग उघडा.

सीलसाठी ड्रम काढा, ब्रेक पाइप सोडा, बॅकप्लेटमागचे चार नट काढा आणि शाफ्ट ओढा. स्लाइड हॅमर नसेल तर ड्रम उलटा करून स्टडवर नट दोन-तीन आटे चढवायचे आणि त्या ड्रमला झटके द्यायचे, येतो. शाफ्टवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे चर पडली आहे. त्या चरीवर नवा सीलही गळणारच. तो दोन-एक मिलिमीटर पुढे-मागे बसवा म्हणजे ओठ कोऱ्या जागी येईल. ओठाला ग्रीस लावूनच शाफ्ट घाला, कोरडा घातला तर पहिल्या फेरीतच फाटतो. बेअरिंग हाताने फिरवून खरखर येते का पाहा. येत असेल तर रिटेनर कापून प्रेसवर नवं बसवावं लागेल, ते काम अंगणातलं नव्हे.

ऑइल प्यायलेले शू धुऊन परत लावू नका. पेट्रोलने वरून कोरडे दिसतात, घाटात तापले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे शू बदला, एकाच बाजूचे नाही.

भरताना मागच्या डिफरन्शियलमध्ये साधारण दीड लिटर आणि पुढच्यात दोन लिटर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल, जीएल-५ दर्जाचं. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेला आलं की बास. गिअरबॉक्समध्ये मात्र जीएल-५ नको, तिथे जीएल-४. आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना जीएल-५ मधली गंधकाची रसायनं खातात. बऱ्याच गॅरेजांत एकाच कॅनमधून सगळीकडे भरतात, समोर उभं राहा.

आणि ब्रीदर आता वर न्या. मूळ ब्रीदर सोबत घेऊन दुकानात जा, आटे जुळवून पितळी नोझल घ्या. आतून ८ मिलिमीटरचा पेट्रोलचा रबरी पाइप, मागच्या एक्सलसाठी दोन-अडीच मीटर, चेसिसच्या कडेने टेललाइटच्या मागे वरपर्यंत. एक्सल खाली-वर होतो म्हणून तिथे वीतभर झोळ सोडा, पण पुढे कुठेही खाली लोंबणारा वळसा नको, त्यात पाणी साचून पाइप पुन्हा बंद होतो. वरच्या टोकाला मोटरसायकलचा छोटा पेट्रोल फिल्टर, तोंड खाली. पुढच्या एक्सलचा पाइप बॉनेटखाली. तिन्ही गाड्यांना हे करा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि सगळे ते सोडून लाइट बार लावत बसतात.

---

जुनी_जीप_धुळे

ब्रीदरबाबत शंभर टक्के सहमत. मी ५४० बद्दल लिहितो, कारण त्या गाडीला सगळे “काही होत नाही तिला” म्हणून तशीच नेतात.

आधी कमानपाटे. चारही कोपऱ्यांचे यू-क्लॅम तपासा. सेंटर बोल्टचं काम फक्त पाट्यांना आणि एक्सलला जागेवर धरण्याचं; भार ओढायचं काम यू-क्लॅमच्या आवळणीचं. यू-क्लॅम सैल झाला की एक्सल पाट्यावर सरकायला लागतो, सगळा धक्का त्या एवढ्याशा बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग एक चाक मागे सरकतं, गाडी तिरकी चालते. म्हणून “सेंटर बोल्ट तुटला” ही तक्रार मुळात यू-क्लॅमची असते.

तपासायला सोपं आहे: पाट्याच्या पुढच्या हँगरपासून चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना टेपने मोजा. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर एक्सल सरकलाय. यू-क्लॅमच्या आट्यांवर ताज्या गंजाची लालसर भुकटी दिसली तर तो हलतोय. जुना यू-क्लॅम पुन्हा आवळत बसू नका, त्याचे आटे ताणलेले असतात, नवे टाका. गाडी चाकांवर उभी असताना, समोरासमोर फुली करत आवळा, चारही आटे नटच्या बाहेर सारखे यायला हवेत. शंभरेक किलोमीटरने पुन्हा एकदा आवळा. ही शेवटची गोष्ट कोणी करत नाही.

वाटेत बोल्ट तुटलाच तर: चेसिसखाली स्टँड, एक्सलखाली जॅक, यू-क्लॅम काढा. तुटका बोल्ट काढायच्या आधी त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्यांवर सी-क्लॅम आवळा, नाहीतर पाटे पंख्यासारखे फाकतात आणि चार जणांनाही जुळत नाहीत. नवा बोल्ट ८.८ शिक्क्याचा हवा, डोकं एक्सलच्या पॅडमधल्या भोकाकडे. बोल्ट थोडा लांब न्या, उरलेला कापता येतो. मेन पाटाच तुटला तर एक्सल आणि चेसिसमध्ये बाभळीचा ठोकळा, एक्सलपासून पुढच्या हँगरपर्यंत साखळी ताणून, आणि दुसऱ्या गिअरच्या वर न जाता शहादा गाठायचं.

दुसरं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट). गाडी रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना “टक” असा एकच आवाज येतो का ऐका. शाफ्ट हाताने धरून पिळा, टोपीजवळ लाल भुकटी दिसली तर आतल्या सुया कोरड्या आहेत. ग्रीस मारताना चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तिघांतूनच आलं आणि चौथी कोरडी राहिली तर तो क्रॉस त्या चौथ्या टोपीतच जाणार.

नवा क्रॉस बसवायला व्हाइस नसेल तर दोन सॉकेट पुरतात: एक टोपीपेक्षा लहान, ढकलायला, एक मोठं, समोरची टोपी आत घ्यायला. सर्क्लिप खाचेत बसत नसेल तर हातोडा थांबवा. टोपीच्या तळाशी एक सुई आडवी पडली आहे. टोपी काढून, सुया ग्रीसने भिंतीला चिकटवून पुन्हा. शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर खडूने नव्हे, पेंटने खूण करा. नळी एक दात सरकली तरी चाळीसच्या पुढे गाडी थरथरते.

मागचा क्रॉस वाटेत गेलाच तर मागचा शाफ्ट काढून गाडीत टाका, पुढचे हब लॉक करा, ४-हाय (फोर-व्हील ड्राइव्ह, हाय रेंज) लावा आणि पुढच्या चाकांवर हळू घरी या. ५४० आणि जिप्सी दोन्हींत चालतं. फक्त चढावर पुढची चाकं फिरतात आणि स्टिअरिंग ओढतं, घाटात एक गाडी पुढे ठेवा.

सामानाचा एक मुद्दा: सातपुड्यात वडाप जिपाच चालतात, त्यामुळे ५४० चं बारीकसारीक धडगावातही मिळून जाईल. जिप्सीचं मिळेल असं धरून चालू नका. तिचे दोन क्रॉस, दोन्ही साइजचे मागचे सील, पंख्याचा पट्टा, क्लच केबल, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि रिले हे घरूनच.

---

काळी_रेगाड

भाऊ, तुम्ही लोक दगडाला घाबरता, पण आपल्याकडे गाडी बसते ती गाऱ्यात. सातपुड्यात वर मुरूम-दगड आहे, तिथे काही नाही. पायथ्याला शेतांमधून जाणारे रस्ते काळ्या मातीचे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात वरून कोरडे, पापुद्रा सुटलेले दिसतात, खाली वीतभर ओल असते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खोबणीत अशी बसते की दहा पावलांत टायर गुळगुळीत. रस्त्याकडेला पाय रोवून टाच फिरवा: बुटाला माती गोळा होऊन चिकटली तर त्या रस्त्याने दुपारनंतर जा किंवा जाऊच नका. रात्री पाऊस झाला असेल तर एक कडक ऊन होऊ द्या.

हवा किती (पीएसआयमध्ये): डांबरावर २८ ते ३०, दगडी चढावर १८ ते २०, काळ्या मातीत किंवा वाळूत १५. १२ च्या खाली उतरू नका, वळताना टायर रिंगवरून सुटतो. दगडातही १८ च्या खाली नको, आपला काळा पाषाण धारदार फुटतो आणि फुगलेली बाजूची भिंत आधी कापतो. भिंतीचा काप पंक्चरच्या दोरीने टिकत नाही. म्हणून ट्यूबलेस असले तरी प्रत्येक साइजची एक ट्यूब न्या, आणि कापाच्या आतून जुन्या ट्यूबचा जाड तुकडा लावून मग ट्यूब भरा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालवा, लायटरच्या सॉकेटवर लावलात तर फ्यूज उडणार. हवा कमी असताना चाळीसच्या वर पळवू नका.

गाऱ्यातून बाहेर आल्यावर रिंगच्या आतल्या बाजूची माती काढा. ती सुकली की साठला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक बेअरिंग उघडून बसतात! रेडिएटरची जाळी इंजिनाच्या बाजूने पुढे अशी धुवा, कमी दाबाने. प्रेशर पंप समोरून मारला तर जाळीची पत्री आडवी पडते आणि वारा बंद.

बसलीच गाडी तर ट्रॅक्टर येणारच, आठे त्याबिगर काम नही (इथे त्याच्याशिवाय काम नाही). पण ट्रॅक्टरवाला तारेचा दोर किंवा साखळी आणतो आणि झटका मारतो. ते करू देऊ नका. साखळी लावली तर आधी हळू ताण घ्यायचा, मग पहिल्या लो गिअरमध्ये एकसारखं ओढायचं. आपल्या बाजूला दोर चेसिसच्या हुकलाच; बंपरला किंवा टाय रॉडला कधीच नाही. ट्रॅक्टरच्या बाजूला खालच्या ड्रॉबारला. वरच्या लिंकेजला बांधला तर ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि उलटतो. झटका द्यायचाच असेल तर फक्त ताणणारा कायनेटिक दोर, नऊ मीटरचा, तुटण्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या अडीच-तीन पट. जिप्सी हजार किलोच्या आसपास आणि थार दीड टनाच्या वर, म्हणजे दोर थारच्या हिशोबाने घ्या. शॅकल (दोर अडकवायची पिनवाली कडी) पाऊण इंची, ४.७५ टन शिक्क्याचा. पिन पूर्ण आवळून पाव फेरी मागे घ्यायची म्हणजे नंतर हाताने सुटते. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा गोळा) दोर लावणं हा जीव घेणारा प्रकार आहे, तो गोळीसारखा सुटून येतो. ओढताना दोराच्या दीडपट लांबीच्या आत कोणी उभं नको, आणि मोबाइलवाल्यांना आधी हाकला.

---

सातपुडा_भटक्या

सगळ्यांचे आभार. पानाबॉक्स, पैज जिंकलात. ब्रीदर पूर्ण बंद, आत सुकलेली माती. ड्रेनमधून साधारण दोन-तीन चमचे पाणी, मग दुधाळ ऑइल. चुंबकावर मऊ राखाडी गाळ, टोचणारं काही नाही. शाफ्टवर नख अडकत नाही.

आता दोन प्रश्न. दुधाळ ऑइल काढल्यावर आत रॉकेल किंवा डिझेल घालून गाडी थोडी फिरवून फ्लश करायची असं एका मित्राचं म्हणणं आहे. करू का? आणि पुढच्या चाकाला वर-खाली हलवलं तर थोडा खेळ आहे, बेअरिंग धरावं की किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन)?

---

पानाबॉक्स

गाडी चालवून फ्लश अजिबात नको. डिझेलमध्ये क्राउन-पिनियनच्या दातांवर ऑइलचा थर राहत नाही, भार आला की दात ओरखडतात. मागची दोन्ही चाकं उचला, स्टँडवर ठेवा, लिटरभर डिझेल घाला, गिअर न्यूट्रल, आणि चाकं हातानेच दोन्ही दिशांना पाच मिनिटं फिरवा. ड्रेन उघडा, एक बाजू थोडी उंच करून अर्धा तास निथळू द्या. मग ऑइल. दोनेकशे किलोमीटरनंतर पुन्हा फिलरमध्ये बोट घालून बघा. परत धूसर दिसलं तर पुन्हा बदला. दीड लिटरच आहे, कंजूषपणा करायची ही जागा नव्हे.

पुढच्या चाकासाठी: चाक उचला, वर-खाली धरून हलवा, मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन. किंगपिनचा खेळ शिम काढून घालवतात. तो तसाच ठेवलात तर खड्ड्यातून निघाल्यावर साठ-पासष्टला स्टिअरिंग असं हादरतं की गाडी थांबवावीच लागते, आणि लोक स्टिअरिंग डँपर बदलून ते झाकतात.

तिथेच खाली बसून गोल नकलमधून (एक्सलच्या टोकाचा, चाक वळवणारा गोळा) काय गळतंय तेही बघा. पातळ ऑइल ओघळत असेल तर आतला एक्सल सील गेला आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येतंय. राखाडी, पाणीदार ग्रीस असेल तर बाहेरचा वायपर सील गेला आणि पाणी आत. दोन्हींत आतला जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरावं लागेल, पण सुटा भाग वेगळा लागतो, म्हणून आधी बोटाने चोळून ठरवा.

---

जुनी_जीप_धुळे

रॉकेलबाबत माझं थोडं वेगळं मत. जुन्या ५४० ला रॉकेलने फ्लश केलं तर तळाचा वर्षानुवर्षांचा चिखल सुटतो आणि पूर्ण निघत नाही, तो पिनियनच्या बेअरिंगकडे जातो. कमी पाणी असेल तर मी म्हणेन फ्लशच नको. स्वस्त ऑइल भरा, पन्नास किलोमीटर साधं चालवा, गरम असतानाच काढा, मग चांगलं ऑइल. ऑइल लागेल दुप्पट, पण दात कोरडे राहत नाहीत.

---

पानाबॉक्स

हे चालेल, आणि वेळ असेल तर हेच जास्त बरं.

---

थार_जळगाव

सीआरडीईवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

५४० मध्ये डिझेल लाइनमध्ये हवा गेली की आपण फिल्टरचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारतो, बुडबुडे गेले की इंजेक्टरचे नट अर्धी फेरी सैल करून सेल्फ मारतो. हीच सवय सीआरडीईवर वापरू नका. तिच्या रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) दाब हजार बारच्या वर जातो, त्या नटातून निघालेली धार कातडीतून आत जाते आणि हात जातो. तिथे फक्त फिल्टरपर्यंतची कमी दाबाची बाजू प्रायमरने भरायची, बाकी गाडी स्वतः करते. फिल्टरच्या तळाचं पाणी निघण्याआधी काढून टाका.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणून पुढच्या शाफ्टचे रबरी बूट बघा. चाक पूर्ण वळवून घड्यांमध्ये बोट घाला. रिंगच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे असतील तर बूट फाटलाय. वाटेत फाटला तर जॉइंट पुसा, ग्रीस भरा, जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन टाय आवळा. घरी पोचेपर्यंत टिकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना ४-लोमध्ये जोर देऊ नका, जॉइंट तिथेच तुटतात.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. एअर फिल्टर उघडून कागद ओला आहे का बघा. ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त म्हणून तिथे आणखी लवकर. जिप्सीचे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवून पाणी बाहेर काढता येतं. थारच्या ग्लो प्लगशी नाल्याकाठी झटापट करण्यापेक्षा टो करा.

---

तापीकाठ

नाल्यांबद्दल. फरशीवर पाणी वाहत असेल तर आधी कोणीतरी काठी टेकत चालून जावं. फरशीच्या कडा दिसत नाहीत आणि खालच्या अंगाला पाण्याने खड्डा पाडलेला असतो. गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर परत फिरा. उभं पाणी चाकाच्या हबपर्यंत असेल तर चालतं, त्यावर विचार करा. माणूस चालून येईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गाड्या उभ्या राहतात ते बरंच आहे, एक्सल निवतात. ५४० च्या पंख्याचा पट्टा सैल करा, नाहीतर पंखा सगळ्या इंजिनावर पाणी उडवतो. पाण्यात चालण्याच्या वेगाने, लो दुसऱ्यात, आणि मधे क्लच दाबायचा नाही; प्लेटमध्ये गाळ शिरला की तो घसरतो. बाहेर आल्यावर डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून थोडं अंतर चाला म्हणजे ड्रम सुकतात. घाट उतरायच्या आधी हे नक्की.

परतताना तापीच्या पात्रात गाडी घालायचा मोह होतो. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत, खाली सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेज आहेत. वर आभाळ कोरडं असलं तरी पाणी सोडलं की पात्र भरतं. पात्रात मुक्काम नको, आणि वाळूच्या वाहनांमुळे महसूलवाल्यांचं लक्ष असतं ते वेगळंच.

परवानगी: यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तोरणमाळच्या बाजूचं जंगलही राखीव आहे. असलेला रस्ता सोडून गाडी घालायची नाही. पाड्याजवळचे रस्ते लोकांच्या शेतातून जातात. दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू असते, हरभरा नुकता उगवलेला असतो. बांध फोडलात किंवा टायर पिकात गेला तर तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला तो रस्ता बंद होतो. आधी विचारा, बहुतेक जण स्वतःच पुढे चालत रस्ता दाखवतात. शहाद्याला टाक्या फुल करा, पुढे पंपावर विसंबू नका.

---

सातपुडा_भटक्या

सील, दोन्ही बाजूंचे शू, ब्रीदरचे पाइप तिन्ही गाड्यांना, ५४० चे यू-क्लॅम, हे या आठवड्यात. ऑइल जुनी_जीप यांनी सांगितलं तसं दोनदा बदलतोय. ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकाचा खेळ गेला, म्हणजे बेअरिंगच. एक राहिलं: ब्रीदरचा पाइप ८ चा मिळाला नाही, ६ चा आहे. चालेल?

---

पानाबॉक्स

६ चा चालेल, पण लांबी दोन मीटरच्या आत ठेवा आणि नोझलवर क्लिप आवळा. बेअरिंगचं ग्रीस बदलताना आतला सीलही घ्या, जुना परत बसवला तर पहिल्याच नाल्यात पाणी ओढेल.